गाणे आणि हजेरी

आयुष्यात आपल्यावर कधी नट होण्याची पाळी येईल असे मला कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. अठ्ठावीस वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे, आणि वर्गातले ते वीतभर उंचीचे व्यासपीठ सोडले तर दुसऱ्या कोणत्याही रंगभूमीचा मला गंध नाही. नाही म्हणायला, लहानपणी गणेशोत्सवातल्या एका नाटकात मी भालदार झालो होतो. पण त्या भूमिकेला एकच वाक्य होते, आणि ऐन वेळी तेही दुसऱ्या भालदाराने म्हणून टाकले.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तृतीय वर्षाच्या वर्गातील पाचसहा मुले-मुली घरी आली आणि "सर, आमच्या गाण्याच्या व्हिडिओत तुम्ही काम करायचे," असे म्हणाली, तेव्हा माझ्या हातातला चहाचा पेला हातातच राहिला. स्नेहसंमेलनात दाखवण्यासाठी ही मंडळी चार मिनिटांचे एक गाणे चित्रित करणार होती. शब्द त्यांचेच, चाल त्यांचीच, आणि गळाही त्यांच्यातल्याच एका मुलीचा.

"भूमिका कसली?" मी शक्य तितक्या उदासीन स्वरात विचारले.

"प्राध्यापकाची, सर. चष्मा लावून, मान खाली घालून हजेरी घ्यायची. एवढेच."

"अरे, मग त्यात अभिनय कसला?"

"तेच तर, सर!" तो मुलगा उत्साहाने म्हणाला. स्वयंपाकघरातून हिचे हसणे स्पष्ट ऐकू आले.

मी थोडा रागावलोच. चित्रपटांतला प्राध्यापक म्हणजे एक ठरीव सोंग असते. वर्गात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो, त्याच्या डोळ्यांदेखत चिठ्ठ्या इकडून तिकडे जातात, आणि तो आपला पुस्तकात डोके खुपसून उभा. "तुम्हाला खराखुरा प्राध्यापक दाखवता येत नाही का?" मी विचारले. त्यावर कॅमेरा सांभाळणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, असा प्राध्यापक दाखवला की दोन सेकंदांत कळते, हे कॉलेज आहे. नाहीतर पाटी दाखवावी लागते. चार मिनिटांत पाट्या दाखवायला वेळ कुठे असतो?"

त्या उत्तराने माझा राग मावळला. वाङ्मयातील संकेत म्हणजे काय, हे मी तासन्‌तास शिकवतो. पण ते इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलेले नाही. आपल्याकडे राजशेखराने नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवर 'काव्यमीमांसा' लिहिली आणि तीत 'कविसमया'ची सविस्तर चर्चा केली. कीर्ती पांढरी असते, चकोर चांदणे पितो, चक्रवाकाचे जोडपे रात्री ताटातूट सोसते. यातले काहीच कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण चकोर खरोखर चांदणे पितो की काय, हे पाहायला कोणी रात्र जागत बसत नाही. कवीने 'चकोर' म्हटले की वाचकाने 'उत्कंठा' समजायची, असा दोघांमधला जुना करार आहे. संकेत ही कवीची आणि रसिकाची सामाईक मिळकत असते. तिच्यामुळे पाट्या लावण्याचा वेळ वाचतो.

खरे म्हणजे या साऱ्या उद्योगाचे मूळ मीच होतो. सत्राच्या आरंभी मी या मुलांना शेक्सपिअरची सुनीते शिकवली होती. १६०९ साली छापल्या गेलेल्या त्या संग्रहातल्या एकशे तिसाव्या सुनीतात त्याने प्रेयसीच्या वर्णनातल्या साऱ्या ठराविक उपमांची एकेक करून थट्टा केली आहे. ती शिकवताना मी मोठ्या आवेशाने म्हणालो होतो, "थोर कलावंत संकेत वापरतो आणि मोडतोही!" प्राध्यापक असे काहीतरी बोलून जातो आणि तास संपल्यावर विसरतो. मुले मात्र विसरली नव्हती. ते वाक्य त्यांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते, आणि खाली मोडावयाच्या संकेतांची यादी केली होती.

ती यादी त्यांनी मला वाचून दाखवली. नायक मोटारसायकलवरून येतो. ग्रंथालयाच्या वळणावर नायिकेला धक्का लागतो, तिची पुस्तके पडतात, तो ती उचलू लागतो आणि हाताला हात लागतो. तिची ओढणी वाऱ्यावर उडते. हा वारा फक्त तिच्याभोवतीच वाहतो, शेजारच्या पिंपळाचे पानही हलत नाही. मग तो रोज तिच्या वाटेवर उभा राहतो. ती रागावते, त्याचे मित्र हसतात. दुसऱ्या कडव्यात ती एकदा मागे वळून पाहते. तिसऱ्या कडव्यात पाऊस येतो, आणि पावसात ती हसते. ती हसली की गाणे संपते.

मी पोट धरून हसलो. सारी मुले हसली. गाणे म्हणणारी मुलगी तेवढी हसली नाही. तिचा स्वभावच गंभीर असेल, असे मला वाटले.

या निमित्ताने या प्रकाराचा थोडा इतिहासही मी जमवला. अर्थात माझे अर्धेअधिक गुरू ही मुलेच होती. आपल्या बोलपटांत आरंभी नट कॅमेऱ्यापुढे स्वतःच गात आणि वादक मंडळी झाडाआड दडून साथ करीत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'भाग्यचक्र' काढला, आणि तेव्हापासून पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे रूढ होऊ लागली. गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे! यापेक्षा मोठा संकेत कोणता असणार? पण आपण तो इतक्या सहजपणे स्वीकारला आहे की, पडद्यावरच्या नटीचे ओठ हलले की तीच गाते आहे अशी आपली खात्री होते.

पाश्चात्त्य देशांत एकेका गाण्याचे स्वतंत्र चित्रण करण्याची चाल पुढे बोकाळली. 'क्वीन' या इंग्रजी वाद्यवृंदाने १९७५ साली आपल्या 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी'चे चित्रण सुमारे चार तासांत उरकले आणि ते दूरचित्रवाणीवर अतोनात गाजले. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम. टी. व्ही. ही वाहिनी सुरू झाली, आणि मग या प्रकाराचे व्याकरणच तयार झाले. परंतु गंमत अशी की, या घराण्याच्या एका मूळ पुरुषाने ओठांचा संकेत आधीच झुगारून दिला होता. १९६५ साली लंडनमधील सॅव्हॉय हॉटेलामागच्या गल्लीत बॉब डिलनचे एक गाणे चित्रित झाले. त्यात तो गात नाही, ओठही हलवीत नाही. गाण्यातले शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाने हातात धरून तो ती एकामागून एक खाली टाकतो, एवढेच. गाणे आपले चालूच असते.

दोन आठवड्यांनी मुलांनी पहिला प्रयत्न दाखवला. त्यांनी यादीतला एकूण एक संकेत कापून टाकला होता. मोटारसायकल नाही, ओढणी नाही, पाऊस नाही, आणि अर्थात मीही नाही. काळ्या पडद्यापुढे त्या मुलीचा चेहरा, आणि चार मिनिटे तेवढाच. 'द रिप्लेसमेंट्स' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९८५ सालच्या एका गाण्याच्या चित्रणात जवळजवळ शेवटपर्यंत फक्त एक ध्वनिवर्धक दिसत राहतो. ते पाहून यांना हे सुचले होते. प्रयोग म्हणून त्यांनी ते प्रथम वर्षाच्या एका तुकडीला दाखवले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. अर्ध्या मिनिटात एक मान खाली गेली, मग दुसरी. दोन मिनिटांनंतर त्या चाळीस चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड उरला नाही. प्रत्येकाच्या तोंडावर हातातल्या मोबाइलचाच उजेड होता.

मुले हिरमुसली. "प्रेक्षकच अडाणी," असा एकाने निकाल दिला. तेव्हा मला माझे ते आवेशाचे वाक्य पुरते करणे भाग पडले. मी म्हणालो, "त्या अमेरिकन मंडळींचा ध्वनिवर्धक लोकांनी पाहिला, कारण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक गाण्यात झगमगाट होता. त्या झगमगाटाच्या मधोमध तो काळा ठोकळा उभा होता, म्हणून त्याला अर्थ आला. तुमच्या काळ्या पडद्याच्या आसपास काय आहे? जो करार तुम्ही केलाच नाही, तो मोडल्याचे प्रेक्षकाला कळावे कसे?" मग मी त्यांना अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ची गोष्ट सांगितली. १९२५ साली केशवकुमार या नावाने अत्र्यांनी त्या काळच्या कवींची यथेच्छ टर उडवली. पण ज्यांची टर उडवली त्यांच्या वृत्तांवर आणि शब्दकळेवर अत्र्यांची त्यांच्याइतकीच हुकमत होती. म्हणून तर ते विडंबन बोचले आणि टिकले. १९३९ साली शांतारामबापूंनी 'माणूस'मध्ये त्या वेळच्या चित्रपटांतल्या प्रेमप्रसंगाची थट्टा केली, तीही बोलपटाच्याच साऱ्या सामग्रीनिशी. आणि शेक्सपिअरने तरी काय केले? उपमा उधळून लावल्या, पण त्या चौदा ओळींत बसवूनच.

मुले गप्प राहिली. मग ती गाणारी मुलगी म्हणाली, "सर, सगळे संकेत पाळू. एकही सोडायचा नाही. दोन कडवी तशीच. तिसऱ्या कडव्यात मी ओठ मिटणार. गाणे चालू राहील."

"आणि पुढे?"

"पुढे तीच गल्ली, तीच मोटारसायकल, तेच मित्र. फक्त कॅमेरा माझ्या जागी."

मी खूष झालो. अँड्र्यू गुडविन नावाच्या एका अभ्यासकाचे १९९२ साली या विषयावर पुस्तक निघाले होते. चित्र कधी शब्दांचा अर्थ दाखवते, कधी तो वाढवते, आणि कधी शब्दांपासून फारकत घेते, असे त्याचे विवेचन आहे. ते मी त्यांना तिथल्या तिथे समजावून दिले. "ही फारकत झाली!" मी म्हणालो. मला त्या कल्पनेत एक उत्तम युक्ती दिसली, आणि युक्तीपलीकडे काही दिसले नाही.

चित्रणाचे ते चार दिवस मोठ्या मौजेचे गेले. वाऱ्यासाठी वसतिगृहातला उभा पंखा आणला होता आणि उजेड वळवण्यासाठी थर्मोकोलचा एक मोठा तक्ता. संथ गतीच्या दृश्यांची कृती तर मला नवलाची वाटली. पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रे सरकतात. चित्रण करताना सेकंदाला पन्नास घेतली आणि ती नेहमीच्या गतीने दाखवली, की हालचाल निम्म्या वेगाने होते. पण मग गाण्याचे काय? ओठ शब्दांशी जुळायचे तर चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते, आणि गाणाऱ्याने त्या वेगाने ओठ हलवावे लागतात. पडद्यावर जे स्वप्नासारखे तरंगताना दिसते, ते प्रत्यक्षात चिरक्या आवाजाच्या पोपटामागे धावत पार पडलेले असते! त्या चिरक्या गाण्यावर ती मुलगी ओठ हलवी आणि आम्ही सारे हसून बेजार होत असू.

माझे दृश्य मात्र चार वेळा घ्यावे लागले. मला हजेरीपुस्तकातून क्रमांक पुकारायचे होते. छत्तिसाला "हजर" असे उत्तर यायचे, सदतिसाला कोणी बोलायचे नाही, आणि मी लगेच अडतीस म्हणायचे. दर वेळी माझी मान नकळत वर होई. अखेर कॅमेरावाला कळवळून म्हणाला, "सर, वर बघू नका ना. वर्गात तुम्ही कुठे बघता?" साऱ्यांबरोबर मीही हसलो, आणि चौथ्या वेळी मान खाली ठेवण्यात यशस्वी झालो.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी सभागृह खचाखच भरले होते. ही माझ्या शेजारी बसली होती. गाणे सुरू झाले. मोटारसायकल वळणावर दिसताच मागच्या रांगांतून शिट्ट्यांचा पाऊस पडला. पुस्तके पडली, टाळ्या झाल्या. ओढणी उडाली, पुन्हा शिट्ट्या. मी मान खाली घालून "छत्तीस, सदतीस, अडतीस" म्हणालो, तेव्हा तर असा हशा उसळला की मला धन्य वाटले. तेवढ्या वेळात नायक खिडकीतून नायिकेच्या रिकाम्या जागेकडे पाहत होता. हिने मला कोपराने ढोसले. दुसऱ्या कडव्यात नायिका मागे वळून पाहते, तेथपर्यंत सारे यथासांग पार पडले. प्रेक्षक आता पावसाची वाट पाहत होते.

तिसरे कडवे सुरू झाले, आणि तिचे ओठ मिटले. गाणे चालूच राहिले. "ओठ चुकले, ओठ चुकले!" असे कोणी ओरडलेदेखील. ती तशीच समोर पाहत राहिली, आणि मग कॅमेरा तिच्या जागी गेला.

आता आम्ही सारे त्या गल्लीत उभे होतो. समोरून मोटारसायकल येत होती. मघाशी ज्या संथ गतीत ओढणी सुंदर तरंगली होती, त्याच संथ गतीत ती मोटारसायकल जवळ येत होती आणि काही केल्या पोचत नव्हती; किंवा पोचून निघून जात नव्हती. मघाशी हसणारे मित्र आता समोरून दिसले. तेच चेहरे, तेच हसणे. पण ते आता आमच्याकडे पाहून हसत होते. पुस्तके पडली. खाली वाकलेले स्वतःचे दोन हात दिसले, घाईघाईने पुस्तके गोळा करणारे. आणि मदतीला आलेला तिसरा हात दिसताच ते दोन हात एक पुस्तक तसेच टाकून मागे सरले. ओढणी उडत नव्हती. मुठीत आवळून धरलेली होती. गाण्याचे शब्द तेच होते. दोन कडव्यांपूर्वी ती प्रेमाची ग्वाही वाटली होती. आता ती धमकी वाटत होती, आणि त्यात एक अक्षरही बदललेले नव्हते.

शिट्ट्या केव्हा थांबल्या ते कळले नाही. मग वर्गातले एक रिकामे बाक दिसले, आणि त्यापाठोपाठ मी. तेच दृश्य, चौथ्या वेळी जमलेले. "छत्तीस." "हजर." "सदतीस." शांतता. "अडतीस." मान खाली ती खालीच. मघाशी याच दृश्याला सभागृह हसले होते. आता कोणी हसले नाही. पाऊस आलाच नाही. ध्रुपद एकदा त्या रिकाम्या बाकावर म्हटले गेले आणि पडदा काळा झाला.

टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. मागून एक शिट्टी आलीच, आणि तिच्यामागे थोडे हसणेही. चार मिनिटांच्या गाण्याने जग बदलते असे मी म्हणणार नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून मी कपाटातले गेल्या वर्षीचे हजेरीपुस्तक काढले. त्या मुलीच्या नावापुढे जुलैच्या मध्यापासून जवळजवळ दीड महिना एकसारखी 'गैरहजर'ची खूण होती. मग मला सारे आठवले. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमावरून मी तिला खोलीत बोलावून चांगले पंधरा मिनिटे सुनावले होते. शिस्त, वेळेचे मोल, आईबापांचे कष्ट, सारे काही माझ्या तोंडून निघाले होते. कारण मी लेखी मागितले होते. तिने आणलेला अर्ज पुस्तकातच टाचलेला होता: 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. तो वाचून माझे समाधान झाले होते. व्हावयाचेच; कारण ते कारण ठरलेले आहे. अर्ज म्हटला की 'प्रकृती अस्वास्थ्य', जसे चकोर म्हटले की चांदणे. लिहिणाऱ्याने लिहायचे, वाचणाऱ्याने सही करायची. ते खरे की काय, हे पाहायला कोणी रात्र जागत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले. शब्द नीट जुळत नव्हते. ती म्हणाली, "सर, ती एकट्या माझीच गोष्ट नाही. आमच्या वर्गातल्या चौघींची मिळून आहे. एस. टी. स्थानकापासून येणारी ती एकच वाट आहे ना."

"मग मला का नाही सांगितलेस?"

ती क्षणभर थांबली. "तुम्ही विचारले नव्हते, सर. तुम्ही कारण लिहून आणायला सांगितले होते."

तिच्या स्वरात दोषारोप नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आले असते.

मी या गोष्टीचा तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिच्याशी संपर्क साधण्यासाठी वारंवार तिचा पाठलाग करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. २०१३ साली दंडसंहितेत त्यासाठी कलम ३५४-ड घालण्यात आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ झाले. कायदा पाठलागाला पाठलाग म्हणतो. गाण्यात मात्र कित्येक पिढ्या आपण त्याला आर्जव म्हणत आलो. तिसऱ्या कडव्यात ती हसणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणून पहिल्या कडव्यातले तिचे रागावणे आपण खरे मानीतच नाही. चकोराच्या संकेताने कोणाचे वाईट झालेले नाही, कारण चकोराला कोणी चांदणे प्यायला लावीत नाही. हा दुसरा संकेत मात्र पडद्यावरून उतरून एस. टी. स्थानकाच्या वाटेवर जाऊन उभा राहतो.

याचा अर्थ संकेत वाईट, असे मात्र मी अजूनही म्हणणार नाही. त्या मुलांची पहिली काळी फीत सर्वस्वी खरी होती आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही. दुसरीत त्यांनी प्रेक्षकाला त्याच्या आवडीचे सारे दिले, त्याला शिट्ट्या मारू दिल्या, आणि मग त्याच शिट्ट्या त्याला दुसऱ्या बाजूने ऐकवल्या. नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या 'सैराट'ने मोठ्या पडद्यावर असेच केले होते. पूर्वार्धात गाणी, संथ धावणे, विहीर, ऊस, सारे भरभरून. आणि अखेरच्या दृश्यात ध्वनीच नाही. ती शांतता ऐकू येते, कारण आधी इतके संगीत आपण मनापासून ऐकलेले असते. जो संकेत मोडायचा तो आधी मनापासून पाळावा लागतो, आणि पाळताना त्याची गोडी आपल्यालाही लागलेली आहे हे कबूल करावे लागते. नाहीतर मोडणारा तेवढा शहाणा आणि पाहणारे सारे मूर्ख, असा आणखी एक संकेत तयार होतो.

मला स्वतःला जे बोचले ते याहून लहान आहे. मुलांनी मला एक ठरीव सोंग वठवायला बोलावले, अशी माझी समजूत होती, आणि खरा प्राध्यापक दाखवा म्हणून मी त्यांच्यावर रागावलो होतो. त्यांनी खराच दाखवला होता. सोंगाचे आणि माझे माप इतके तंतोतंत जुळत होते की, ते मला शिवून घ्यावे लागले नाही.

आता मी हजेरी घेताना दर क्रमांकाला वर पाहतो. त्यात पाचसात मिनिटे अधिक जातात आणि शेक्सपिअर थोडा मागे पडतो. पहिल्या दिवशी तर मुले गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली; सरांचे काहीतरी बिघडले, असे एक जण पुटपुटल्याचे मी ऐकले. परवा एका क्रमांकाला उत्तर आले नाही. मी थांबलो आणि विचारले, "का आली नाही ती?" वर्गात शांतता पसरली. मग मागून एक मुलगी म्हणाली, "सर, तिच्या मावशीचे लग्न आहे."

सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण गैरहजेरीची खूण मात्र मी पेन्सिलीने केली, आणि ती परत आली की लग्न कसे झाले ते विचारायचे, असे समासात लिहून ठेवले.